हाकेच्या अंतरावरची केबिन

पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला आमच्या केबिनमधला फोन वाजला. पलीकडची मुलगी शांतपणे इंग्रजीत सांगत होती, "तुमच्या आई इथे काउंटरपाशी बसल्या आहेत. त्या ठीक आहेत. तुम्ही येता का?"

मी गाऊनवर शाल टाकून धावले. आई खुर्चीत बसली होती, गळ्यात दोरीला अडकवलेलं केबिनचं कार्ड, हातात पाण्याचा ग्लास. जाग आल्यावर तिला जरा कसंतरी वाटलं. ताई गाढ झोपलेली, तिला कशाला उठवायचं म्हणून ती मला शोधायला एकटीच बाहेर पडली. बाहेर लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, खाली तोच निळा गालिचा. तिला ना माझी केबिन सापडली, ना परत स्वतःची. सफाई करणाऱ्या एका मुलाने तिला पाहिलं आणि काउंटरपाशी आणून बसवलं. "अगं, सगळी दारं सारखीच गं," एवढंच ती म्हणाली. माझा हात मात्र तिने सकाळपर्यंत सोडला नाही.

सिंगापूरहून निघालेली चार रात्रींची क्रूझ होती ती. आम्ही घरची नऊ माणसं, चार केबिन. तीन केबिन आठव्या डेकवर जहाजाच्या मागच्या बाजूला, आणि आई-ताईची पाचव्या डेकवर, पार पुढच्या टोकाला. आई तेव्हा शहात्तर वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी त्यांची केबिन आमच्याजवळ आणण्यासाठी मी जी धडपड केली, तीत मला बरंच काही कळलं. ते सगळं निघण्यापूर्वी दोन महिने कळलं असतं, तर आईला ती रात्र काढावी लागली नसती. आईवडिलांना, लहान मुलांना घेऊन क्रूझला जायचा बेत असेल, तर हे सगळं पैसे भरण्याआधी वाचा.

लांब म्हणजे किती लांब, याचा आधी अंदाज घ्या. मुंबईहून निघणाऱ्या सफरींमुळे आपल्याकडे माहीत झालेलं एम्प्रेस हे जहाज 1990 साली बांधलेलं, लांबी सुमारे 211 मीटर. सिंगापूरच्या सफरींचं गेंटिंग ड्रीम 2016 सालचं, सुमारे 335 मीटर. म्हणजे जवळपास पंधरा डब्यांच्या लोकलएवढं, आणि वर अठरा मजले. पहिल्या डब्यात आई आणि शेवटच्या डब्यात आपण, मध्ये जिने, लिफ्टसमोरची गर्दी आणि आग पसरू नये म्हणून बसवलेले जाड दरवाजे. एकाच जहाजावर आहोत म्हणून जवळ आहोत, हा समज मी तरी त्या रात्रीपासून सोडला.

आमची चूक बुकिंगच्या वेळीच झाली होती. ताईचं यायचं उशिरा ठरलं, म्हणून त्या दोघींचं बुकिंग आमच्यानंतर आठवड्याने झालं. एजंटने सांगितलं, "यात एक गॅरंटी केबिन आहे, थोडी स्वस्त पडेल." गॅरंटी म्हणजे काहीतरी खात्रीचं, असं मला वाटलं. खात्री असते ती फक्त केबिनच्या प्रकाराची. आतली केबिन, खिडकीची, बाल्कनीची, यांतला जो प्रकार घेतला तो किंवा त्याहून वरचा मिळणार, एवढंच. केबिन कुठली, कुठल्या डेकवर, हे कंपनी नंतर तिच्या सोयीने ठरवते, कधीकधी निघण्याच्या दोन-चार दिवस आधी. एकट्यादुकट्या तरुणाला हा सौदा फायद्याचा आहे. जवळजवळ राहायचं असलेल्या कुटुंबाने तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात जे वाचतं, ते मनःशांतीच्या मानाने काहीच नाही.

दुसरा घोळ होतो तो बुकिंग "लिंक" करण्याचा. एजंट म्हणतो, "काळजी नको, मी चारही बुकिंग लिंक केली आहेत." लिंक केल्याने जेवणाचं टेबल एकत्र मिळायला मदत होते, आपण एकत्र प्रवास करतोय हे कंपनीला कळतं. केबिन मात्र त्याने जवळ येत नाहीत. त्यासाठी केबिनचे नंबर स्वतः बघून, एकाच वेळी, एकाच बैठकीत घ्यावे लागतात. एजंटच्या ऑफिसात जा किंवा फोनवर बसा, पण जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्याचा नकाशा, समोर उघडा ठेवून बोला. नुसत्या नंबरांवर जाऊ नका. बऱ्याच जहाजांवर सम नंबर एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात. म्हणजे 8214 च्या शेजारी 8216 असते, आणि 8215 जहाजाच्या दुसऱ्या बाजूला, मधल्या केबिनच्या रांगांपलीकडच्या बोळात असू शकते. कागदावर लागोपाठचे आकडे दिसतात आणि आपण खूश होतो.

नकाशावर दोन शब्द नीट समजून घ्या. शेजारची केबिन म्हणजे फक्त भिंत सामायिक, जायचं-यायचं बोळातूनच. कनेक्टिंग केबिन म्हणजे दोघींच्या मध्ये आतून दार असतं. नकाशावर ते बहुधा छोट्या बाणाने किंवा खुणेने दाखवलेलं असतं. लहान मुलं असतील तर कनेक्टिंगला तोड नाही. पण अशा केबिन मोजक्या असतात आणि आधी संपतात, त्यामुळे सहा-आठ महिने आधी बुकिंग केलं तरच हाती लागतात. त्या मधल्या दारातून शेजारचा आवाजही जास्त येतो, म्हणून पलीकडे अनोळखी माणसं येणार असतील तर कनेक्टिंग केबिन घेऊ नका.

समोरासमोरच्या केबिनचाही विचार जरूर करा. बाल्कनीची केबिन महाग पडते, आणि म्हाताऱ्या माणसांना रात्री बाल्कनीचा फारसा उपयोग नसतो. एकीकडे आपली बाल्कनी, बोळाच्या पलीकडे समोर आईवडिलांची आतली केबिन, दोन्ही दारांमध्ये चार पावलं. दिवसभर ते आपल्या बाल्कनीत बसतात, रात्री तिकडे झोपतात. आतल्या केबिनला खिडकी नसते, त्यामुळे सकाळ झालेली कळत नाही. ज्यांना अंधारात गुदमरल्यासारखं होतं त्यांना ती देऊ नका. बाकी झोपेला ती उत्तम. शेजारी-शेजारी दोन बाल्कन्या असतील, तर मधला पडदा बऱ्याच जहाजांवर स्टुअर्ड, म्हणजे केबिनची व्यवस्था बघणारा माणूस, उघडून देतो. पुढच्या वर्षीच्या आमच्या दुसऱ्या सफरीत आमचा स्टुअर्ड मडगावचा होता. गोव्याची कितीतरी माणसं क्रूझवर नोकरी करतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्याने खिशातून एक चौकोनी किल्ली काढली, पडद्याच्या वरची आणि खालची कळ फिरवली, पडदा भिंतीला टेकवून ठेवला, आणि दोन बाल्कन्यांची एक ओसरी झाली. आई त्या ओसरीत पहाटे साडेपाचला येऊन बसायची. वारा वाढला की पडदा पुन्हा बंद करतात, तेव्हा वाद घालू नये.

आता पैसे भरून झाले, केबिन लांब-लांब मिळाल्या, मग काय? इथेच अदलाबदलीची खरी संधी असते आणि बहुतेक लोक ती घालवतात. क्रूझचे उरलेले पैसे भरण्याची एक शेवटची तारीख असते. कंपनी आणि सफर पाहून ती निघण्याच्या साधारण दोन ते चार महिने आधी येते. त्या तारखेच्या आसपास पुष्कळ लोक बुकिंग रद्द करतात, कारण त्यानंतर रद्द केलं तर मोठी रक्कम कापली जाते. त्या आठवड्यात नकाशावर रिकाम्या केबिन पटापट दिसू लागतात. आपण त्याच प्रकारची, त्याच दराच्या वर्गातली केबिन मागितली, तर ती बदलून मिळणं सोपं असतं. एजंटला आधीच सांगून ठेवा की त्या तारखेनंतरचे आठ दिवस रोज एकदा बघ. तो कंटाळा करेल. तुम्ही रोज फोन करा. यात संकोच करण्यासारखं काही नाही, त्याचं कमिशन त्यासाठीच असतं.

केबिन बदलताना दर नव्याने लावला जातोय का, हे मात्र आधी विचारा. बहुतेक ठिकाणी एका केबिनमधले पहिले दोघे पूर्ण भाडं देतात, तिसरा-चौथा कमी. त्यामुळे एका केबिनमधलं नाव दुसरीकडे हलवलं की दोन्हीकडचा हिशेब बदलू शकतो. केबिनमध्ये एकच माणूस उरलं, तर त्याला बहुधा दोघांच्या जवळपास भाडं पडतं. "बाबांना एकट्याला शांत केबिन देऊ" हे म्हणायला सोपं, पण बिल बघून ठरवा.

कधीकधी एजंट म्हणतो, "चार पलंग आहेत, पण या केबिनला तिसरा माणूस आता घेता येत नाही." मला आधी ही सबब वाटली होती. नंतर कळलं की ती खरी अडचण असते. प्रत्येक केबिन एका ठरावीक जमण्याच्या जागेशी आणि तिथल्या जीवरक्षक नौकांशी जोडलेली असते. त्या भागातल्या नौकांमधल्या जागा भरल्या, की वरचा पलंग रिकामा असला तरी माणूस वाढवता येत नाही. अशा वेळी भांडण्यापेक्षा जहाजाच्या दुसऱ्या भागातल्या केबिन विचारा. तिथे तीच मागणी मान्य होऊ शकते.

निघायच्या आधीच्या आठवड्यांत एक गोड आमिष येतं. ई-मेल येतो: थोडे पैसे जास्त द्या, वरच्या प्रकारच्या केबिनसाठी बोली लावा. बोली लागली तर केबिन बदलते, आणि नवी केबिन कुठे असेल ते तुमच्या हातात नसतं. महिनाभर खटपट करून शेजारी-शेजारी घेतलेल्या केबिन एका क्लिकने विखुरतात. घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा, विशेषतः हौशी तरुण मंडळींना. काही कंपन्या जागा भरण्यासाठी स्वतःहूनही वरची केबिन देतात. आपल्याला ती नको असेल, तर बुकिंगवर "अपग्रेड नको, केबिन बदलू नये" अशी नोंद एजंटकडून करून घ्या आणि ती झाल्याचं लेखी मागा.

इथवर केबिनची अदलाबदल झाली. पण केबिन हलवण्याऐवजी माणसं हलवणं पुष्कळदा सोपं जातं.

कागदावर कोण कुठल्या केबिनमध्ये आणि रात्री कोण कुठे झोपतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान मुलांच्या बाबतीत तर कागद मुद्दाम वेगळा ठेवावा लागतो. बहुतेक कंपन्या एखादी केबिन फक्त मुलांच्या नावावर देत नाहीत, प्रत्येकीत एक मोठं माणूस लागतं. मोठं म्हणजे किती, हे कंपनीगणिक बदलतं. रॉयल कॅरिबियनच्या नियमात उत्तर अमेरिकेतून निघणाऱ्या सफरींना 21 वर्षं, तर आशिया-युरोपातून निघणाऱ्यांना 18 वर्षं अशी अट आहे, आणि आईवडील अगदी शेजारी असतील तर तिच्यात सूट मिळते. फ्लोरिडातून कॅरिबियनच्या सफरीला जाणाऱ्या आपल्या अमेरिकेतल्या मंडळींना ही अट हमखास आडवी येते. एकोणीस आणि सतरा वर्षांच्या भावंडांना वेगळी केबिन हवी असते. मग कागदावर आई आणि मुलगा एकीकडे, बाबा आणि मुलगी दुसरीकडे असं बुकिंग करतात. जहाजावर चढल्यावर गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन एकमेकांच्या केबिनची जादा कार्डं मागतात आणि मग हवं तसं राहतात. ही लपवाछपवी नाही. काउंटरवरच्या माणसांना हे नेहमीचं आहे. कार्ड फक्त दार उघडतं, खर्च ज्याच्या त्याच्या नावावरच राहतो.

आजीआजोबांच्या बाबतीतही हीच युक्ती लावा. आमच्यासारखी एक केबिन लांब पडली असेल, तर तिच्यात घरातली धडधाकट, तरुण माणसं पाठवा आणि वयस्कर माणसाला जवळच्या केबिनमध्ये घ्या. दुसऱ्या दिवशी आम्ही शेवटी तेच केलं. माझा नवरा आणि भाचा पुढच्या टोकाला गेले, आई आणि ताई माझ्या केबिनमध्ये आल्या. तिसरा पलंग छतातून खाली उघडतो, तो मी घेतला. एवढं साधं उत्तर पहिल्या दिवशी दुपारी का सुचलं नाही, याची चुटपुट मला अजून आहे. आम्ही आधी केबिन मागत बसलो, माणसं हलवायचं मनात आलंच नाही.

कागदावर कोणाची जोडी कोणाशी लावायची, याला आणखी एक बाजू आहे. काही कंपन्यांत केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने पेयांचं पॅकेज घेतलं, की त्याच केबिनमधल्या बाकीच्या मोठ्यांनाही ते घ्यावं लागतं. म्हणून मद्य घेणारे दोघे एका केबिनच्या कागदावर आणि न घेणारे दुसरीच्या, अशी जोडी लावली तर पैसे वाचतात. स्वीटसारख्या महाग केबिनचे लाभ, वेगळं जेवणाचं दालन वगैरे, ज्यांची नावं त्या केबिनवर आहेत त्यांनाच मिळतात. आईला स्वीटचा आराम द्यायचा असेल तर नुसतं तिथे झोपवून भागणार नाही, नाव तिथे लावा.

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. घरातल्या घरात जागा बदलल्या तरी काउंटरवर सांगा. जहाजावर प्रत्येक माणसाची आपत्तीत जमण्याची जागा ठरलेली असते. तिला मस्टर स्टेशन म्हणतात, आणि तिचा नंबर किंवा अक्षर कार्डावर छापलेलं असतं. ते नोंदलेल्या केबिनवरून ठरतं. केबिन शेजारी असल्या तर स्टेशन बहुधा एकच असतं, लांब असल्या तर वेगळं. ही जागा आधीच ठाऊक असणं का गरजेचं, ते एका अपघातात दिसलं. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून कलंडलं, 32 माणसं गेली. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या कित्येक प्रवाशांचं मस्टर ड्रिल, म्हणजे तिथे जमण्याचा सराव, तेव्हा झालेलंच नव्हतं, कारण त्या वेळच्या नियमात ते चोवीस तासांत घेतलं तरी चालत होतं. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि 2015 पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घेणं बंधनकारक झालं. म्हणून तो टाळू नका, कितीही भूक लागलेली असो.

आमच्या चार केबिनची दोन वेगळी स्टेशनं होती. रात्री आई माझ्या खोलीत झोपणार आणि तिच्या कार्डावर जहाजाच्या दुसऱ्या टोकाचं स्टेशन. भोंगा वाजला तर तिने कुठे जायचं? मी काउंटरवर हे विचारल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने लगेच कळफलक पुढे ओढला, आईचं आणि ताईचं स्टेशन आमच्याबरोबर करून दिलं, दोघींना नवी कार्डं छापून दिली आणि नवी जागा चालत जाऊन बघून या म्हणाला. पाच मिनिटांचं काम. न विचारता गप्प राहिलो असतो, तर दोन्ही स्टेशनांच्या मोजणीत नावं चुकली असती. लहान मुलांच्या मनगटावर बऱ्याच जहाजांवर स्टेशनचा पट्टा बांधतात. मूल आजीच्या केबिनमध्ये झोपणार असेल, तर त्या पट्ट्यावरचं अक्षर आणि आजीच्या कार्डावरचं अक्षर एक आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बाळाला छोटं लाइफ जॅकेटही ज्या केबिनमध्ये ते झोपेल तिथे मागून ठेवा.

जहाजावर चढल्यानंतर केबिनच बदलून हवी असेल, तर वेळ साधणं महत्त्वाचं. पहिल्या दुपारी काउंटरपुढे रांग असते आणि रिकामी केबिन कुठली, हे त्यांनाही नक्की माहीत नसतं. काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत, ते जहाज सुटल्यावरच पक्कं कळतं. म्हणून दुपारी जाऊन नाव आणि कारण नोंदवून ठेवा, आणि जहाज सुटल्यावर तासाभराने पुन्हा जा. कारण थोडक्यात सांगा: आई इतक्या वर्षांची, रात्री मदत लागते, दोन केबिनमध्ये तीन डेकचं अंतर. डॉक्टरांचं पत्र असेल तर दाखवा. आवाज चढवून काही मिळत नाही, मी ते स्वतः पाहिलं आहे. जहाज पूर्ण भरलेलं असेल तर नाहीच मिळणार, हेही धरून चला. केबिन बदलली तर बॅगांचं बघा. बंदरावर दिलेल्या बॅगांना जुन्या केबिनचा नंबर लावलेला असतो, त्या जुन्या दारापुढेच जाऊन पडतात. औषधं, चष्मा आणि एक जोड कपडे म्हणूनच पहिल्या दिवशी हातातल्या पिशवीत असू द्या.

अनोळखी प्रवाशांशी अदलाबदल करता येते का, हे मला सगळे विचारतात. आपल्याला रेल्वेची सवय आहे. कोकणकन्येत "काका, जरा तेवढा खालचा बर्थ द्याल का, आई आहे" म्हटलं की काम होतं, आणि ती आपल्याकडची फार चांगली रीत आहे. जहाजावर ती तशी चालत नाही. कार्ड, बिल, स्टेशन, सफाई, फोन, सगळं केबिनच्या नंबराला बांधलेलं असतं. दोन कुटुंबांनी परस्पर ठरवून बॅगा उचलल्या तर यादीतली नावं चुकतात. तरी मार्ग आहे. शेजारचं कुटुंब सहज भेटलं, बोलणं झालं, त्यांना हलायला हरकत नसेल, तर दोघांनी मिळून काउंटरवर जा आणि त्यांना बदलू द्या. मागताना आपल्याकडचं चांगलं द्या. त्यांची आतली केबिन मागत असाल तर आपली खिडकीची देऊ करा, फरकाचे पैसे मागू नका. दारं ठोठावत मात्र फिरू नका. सुट्टीवर आलेल्या माणसाचं दार ते. आणि व्हीलचेअरसाठी असलेली रुंद दाराची केबिन कोणी रिकामी वाटते म्हणून मागू नये. त्या मोजक्याच असतात आणि ज्याला लागते त्याला दुसरा पर्याय नसतो.

मुंबईहून गोव्याच्या दोन रात्रींच्या सफरीला जाणाऱ्यांनी जहाजावरच्या अदलाबदलीवर विसंबूच नये. पहिली रात्र काउंटरवर जाते आणि दुसऱ्या रात्री बॅगा भरायच्या असतात. भिशीचा ग्रुप, सोसायटीची मंडळी, पंचवीस-तीस जणांचं कुटुंब असं एकत्र जायचं असेल, तर गटाचं बुकिंग म्हणून केबिनचा एक सलग पट्टाच मागा. आतल्या आत कोणी कुठे राहायचं ते घरी बसून कागदावर आखा. वयस्कर माणसं लिफ्टपासून जवळ, पण अगदी लिफ्टला खेटून नाही, तिथे रात्रभर वर्दळ असते. शक्यतो जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर, तिथे हेलकावे कमी लागतात. नाचगाण्याच्या हॉलच्या थेट वर किंवा खाली नको.

सगळं करूनही केबिन लांबच राहिली आणि माणसंही हलवता आली नाहीत, तर अंतर कमी करायचे घरगुती उपाय आहेत. केबिनची दारं बहुतेक जहाजांवर लोखंडी असतात, त्यांना लोहचुंबक चिकटतं. आता आम्ही निघताना फ्रिजवरचा गणपती काढून बरोबर घेतो आणि आईच्या दारावर बाहेरून लावतो. बोळात शिरल्यावर तिला तो लांबून दिसतो. चिकटपट्टी लावू नका, रंग निघतो. काही जहाजांवर गालिच्यावर मासे विणलेले असतात आणि ते सगळे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून असतात. स्टुअर्डला विचारून घ्या आणि आजीआजोबांना दाखवा, त्यांना दिशा कळते. केबिनमधून केबिनमध्ये फोन फुकट असतो. सगळ्यांचे नंबर मोठ्या देवनागरी आकड्यांत एका कागदावर लिहा आणि तो फोनखाली ठेवा. पहिल्या संध्याकाळी, उजेड असताना, आईला तिच्या दारापासून तुमच्या दारापर्यंत दोनदा चालत न्या आणि तिसऱ्यांदा तिला पुढे चालू द्या, तुम्ही मागे राहा.

शेवटच्या रात्रीची एक गोष्ट लक्षात ठेवा. बिलं आणि बॅगांचे टॅग बऱ्याच जहाजांवर नोंदलेल्या केबिनच्या दाराशी येतात, तुम्ही जिथे झोपता तिथे नाही. संध्याकाळीच तिकडे जाऊन ते गोळा करा, बिल तिथल्या तिथे वाचा आणि बॅगा बाहेर ठेवण्यापूर्वी सकाळच्या गोळ्या आईच्या पर्समध्ये घाला.